छातीवरचं हिरवं सूर्यफूल

ओदार्काला मदत संस्थेच्या झेनोवीसाहेबांची किळस आली ती त्यांच्या नव्याकोऱ्या फौजी जाकिटापासूनच. रशियाशी लढाईचं तिसरं वर्ष चाललेलं, आणि हा बाबा आघाडीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. पण ऐट अशी, की जणू आत्ताच खंदकातून उठून आलाय!

पोल्तावाजवळच्या त्या गावात ओदार्का आधी लग्नाच्या सदऱ्यांवर भरतकाम करायची, आता फौजेतल्या पोरांच्या ओळखपट्ट्या शिवायची. तिची पट्टी साध्या डोळ्यांना नुसती काळी चिंधी. रात्रीच्या दुर्बिणीतून मात्र तिच्यावरचं चिन्ह पांढरंफेक दिसायचं आणि आपला माणूस आपल्याला कळायचा. तसल्या दुर्बिणी शत्रूकडेही असतात, म्हणून ती वर झाकण शिवायची. आपल्यांपुरतं उघडायचं, लगेच बंद. तिचा मुलगा ओस्ताप टेहळणीच्या तुकडीत होता. प्रत्येक झाकण ती दोनदा ओढून बघायची.

साहेबांनी तिच्या टेबलावर नमुना टाकला. त्यांच्या मदत संस्थेचं सूर्यफूल, अंधारात नुसत्या डोळ्यांनाही हिरवंगार चमकणारं.

"मावशी, अशा पट्ट्या शिवून द्या. फोटो काय झकास येतो!"

"फोटो येईल, मागोमाग गोळीही येईल. लांबून दिसेल हे!"

"देणगीदारांना दिसायला नको? दुर्बिणी आम्ही देतोय. ही पट्टी लावून आघाडीवरून व्हिडिओ पाठवायचे, ही अट आहे. नाही तर दुर्बिणी दुसऱ्या तुकडीला."

ओदार्काने नमुना कात्रीच्या टोकाने उचलला, मेलेलं झुरळ उचलतात तसा, आणि दाराबाहेर फेकला. "चालते व्हा!"

साहेबांनी पट्ट्या दुसरीकडून करून घेतल्या. ओस्ताप फोनवर म्हणाला, "आई, दुर्बिणींवाचून आम्ही आंधळे आहोत. कमांडरने हो म्हटलंय. तू मध्ये पडू नकोस."

दुर्बिणी देण्याचा समारंभ भर दुपारी गावच्या सभागृहात झाला. ओस्तापची तुकडी नव्या पट्ट्या लावून मंचावर रांगेत उभी होती. बायकांनी वारेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडून आणल्या होत्या. साहेब हुतात्म्यांवर बोलत होते आणि त्यांच्या मिशीला वारेनिकीवरची साय लागली होती. शी! ओदार्काने आपली ताटली दूर सारली.

"पडदे ओढा, दिवे घालवा!" साहेब म्हणाले.

मंचावर रांगेने हिरवी सूर्यफुलं उजळली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. ओदार्का उठून उभी राहिली.

"अहो, टाळ्या कसल्या पिटताय? यातला माझा ओस्ताप कुठला, हे मला, त्याच्या आईला, कळत नाहीये. गोळी घालणाऱ्याला कळायची गरजच नाही. जिथे हिरवं, तिथे काळीज!"

"मावशींना बाहेर न्या कुणीतरी."

कुणी हललं नाही. मग मंचावर चर्र आवाज झाला. एक फूल छातीवरून सुटून खाली पडलं आणि बुटाखाली गेलं. मग दुसरं.

"दुर्बिणी मिळणार नाहीत, सांगून ठेवतो!" साहेब ओरडले.

"ठेवा तुमच्याकडेच," कमांडरचा आवाज आला, आणि त्याचंही फूल खाली गेलं.

शेवटी सगळा काळोख झाला.

"आई," ओस्तापने विचारलं, "आता दिसतोय का गं मी?"

"नाही रे राजा," ओदार्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "नाही दिसत."