तीन पट्टेरी पुरावे

माझा मामा हवामान खात्यात होता. वादळ येऊन गेलं, की टेप आणि कॅमेरा घेऊन तिथे जायचं, काय काय पडलंय ते बघायचं आणि तो टोर्नेडो होता की साधं वादळ ते ठरवायचं, हे त्याचं काम. सगळं एकाच दिशेला पडलेलं असलं तर सरळ वारा. वस्तू भलत्याच दिशांना फेकल्या गेल्या असल्या तर वारा गरगर फिरला, म्हणजे टोर्नेडो. लोकांना अर्थात आपला टोर्नेडोच हवा असतो. मामा त्यांची उडालेली छपरं बघायचा आणि शर्टाची इस्त्री न मोडता म्हणायचा, "नुसता वारा." त्यावरून त्याचं नावच नुसतावारा पडलं होतं.

घरीही तीच तऱ्हा. मामी काहीही म्हणाली, की हा "हो, पण" म्हणायचा. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहत होते, पण त्याचं 'हो' एकटं आलेलं मी कधी ऐकलं नाही.

एका दुपारी मामा ऑफिसात असताना वादळ त्याच्याच गल्लीत शिरलं. जेवून सगळी गल्ली झोपली होती. मामी तेवढी खिडकीशी उभी होती. तिने पाहिलं, की धुळीचा खांब गरगरत अंगणात आला, फांद्या मोडल्या, कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा उचलला आणि कुंपणावरून निघून गेला. तिने हे सांगितल्यावर गल्लीला हसायला निमित्तच मिळालं. "वहिनी, नवरा खात्यात म्हणून टोर्नेडो घरपोच येतो का हो?" संध्याकाळी मामाने सगळं ऐकून घेतलं.

"हो, पण दुपारी तुझाही डोळा लागलेला असतो," तो म्हणाला.

मामी जेवली नाही. मला म्हणाली, "ह्यांच्या मते मी जन्मभर झोपेतच आहे." मला तिचं फार वाईट वाटलं.

स्वतःच्या घराची पाहणी एकट्याने करायची नाही असा नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी मामाच्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाई यायच्या होत्या. आता ऑफिसच्या बाई घरी येणार म्हटल्यावर मामी स्वस्थ बसते होय? पहाटेच उठून तिने अंगण झाडलं. फांद्या गोळा करून लांबीप्रमाणे रचल्या, पत्रा धुऊन भिंतीला टेकवला. शेजारणींनाही कामाला लावून त्यांची अंगणं लख्ख करून घेतली.

बाई आल्या, फाटकाशी थबकल्या. "नुकसान कुठे आहे?"

"आवरलं," मामी अभिमानाने म्हणाली.

मामाने कपाळाला हात लावला. काय झालं ते मग मामीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. बाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "मग नुसता वारा असंच लिहावं लागेल." आणि सहज त्यांनी वर पाहिलं.

"ते काय आहे?"

शेजारच्या पाण्याच्या टाकीवर एक पट्टेरी चड्डी होती. उलट बाजूच्या झाडाच्या शेंड्यावर दुसरी. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर तिसरी. मामीने मान वर करून बघितलंच नव्हतं. शेजारणींनी बघितलं होतं, पण दुसरीच्या नवऱ्याच्या चड्डीला हात कोण लावणार, आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

बाई खूश झाल्या. "तीन दिशा. पण या एकाच दोरीवर होत्या का? ज्याने वाळत घातल्या त्यानेच सांगायला हवं. कुणाच्या आहेत?"

गल्ली एव्हाना कुंपणाशी जमली होती. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. आपल्या चड्ड्या मामा स्वतः वाळत घालायचा, टॉवेलच्या आड, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. हे मला माहीत होतं, पण मी कशाला मध्ये तोंड घालू?

मामाने कॉलर सारखी केली. मामीकडे पाहिलं. ती खराट्याच्या काड्या उगाच सरळ करत होती.

"माझ्या," तो म्हणाला. "काल सकाळी मीच घातल्या. एकाच दोरीवर, शेजारी शेजारी."

मग त्यानेच शिडी मागवली, प्रत्येक चड्डीशेजारी टेप धरून फोटो काढले आणि दोरीपासूनची अंतरं मोजली. हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

"टोर्नेडोच," बाई म्हणाल्या. "अगदी अशक्त, पण टोर्नेडो."

"अशक्त का म्हणून?" मामीने विचारलं.

"घराचं छप्पर जागेवर आहे ना, म्हणून."

मामीने छपराकडे जरा नाराजीनेच पाहिलं.

ते फोटो खात्यात नव्याने भरती होणाऱ्यांना अजून दाखवतात, असं ऐकते. त्या रात्री मामी ताट वाढताना म्हणाली, "मी सांगत होते ना, फिरत आला म्हणून?"

"हो," मामा म्हणाला.

मी 'पण'ची वाट बघत राहिले. मामीही पळी हातात धरून थांबली होती. मामाने पुढचा घास घेतला.