ट्रबलबाई

सिस्टरांचा आवाज बारीक होता. पण ‘डोन्ट गिव्ह ट्रबल’ एवढं वाक्य त्या वरच्या पट्टीत म्हणत. मिशनच्या बोर्डिंगात ते त्यांनी मडमेकडून उचललं होतं. साठ सालाच्या आसपास शिरूरच्या एका छोट्या दवाखान्यात मी केसपेपर लिहीत असे. सिस्टर तिथल्या नर्स; गर्दीसाठी त्या आपल्या वाक्याचं मराठी करत: “डॉक्टरांना ट्रबल द्यायचा नाही.” खेड्यांतले लोक त्यांना ट्रबलबाई म्हणत.

ट्रबल म्हणजे दुखणं, असा लोकांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. एका म्हाताऱ्याने एकदा विचारलं, “बाई, माझा ट्रबल गुडघ्यात हाय. डॉक्टरला द्यायचा न्हाई, तर ठिवू कुठं?” सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याला आत नेऊन गुडघे शेकून दिले.

एका बाजारच्या दिवशी निमोण्याची एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. कागद मीच लिहिला. तक्रार: घसा. नंबर शेवटचा. मुलीला खांद्यावर घेऊन ती दोनदा उठली. दोन्ही वेळा सिस्टर समोरून गेल्या आणि न थांबता आपलं वाक्य म्हणाल्या. ती खाली बसली. दुपारी नंबर आला तेव्हा मुलीचा श्वास अडत होता. घटसर्प होता. पुण्याला नेण्यासाठी जीप मागवली. जीप येण्यापूर्वी मुलगी गेली.

सिस्टर दारात उभ्या होत्या. बाई त्यांच्यासमोर थांबली.

“म्या ट्रबल दिला न्हाई, बाई,” ती म्हणाली. “तुमी म्हनला तशीच बसले.”

ते वाक्य सिस्टरांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडला की त्या बॅटरी घेऊन रांगेत शिरत आणि शेवटच्या माणसापासून सुरुवात करत. प्रत्येक पोराला आ करायला लावत. डॉक्टर वैतागत. “सिस्टर, किती उशीर!” “होऊ द्या,” एवढंच त्या म्हणत.

दीड-दोन वर्षांनी तीच बाई आली. कडेवर तान्हं मूल, तापाने लाल झालेलं. रांग ओलांडून, माझं टेबल टाळून ती सरळ डॉक्टरांच्या दाराशी गेली.

“ए बाई, नंबर लाव!” लोक ओरडले.

“न्हाई लावायची,” ती म्हणाली. “ट्रबल द्यायला आलेय.”

सिस्टर उठल्या. त्यांनी हात पुढे केले.

“द्या,” त्या म्हणाल्या, आणि मूल घेऊन आत गेल्या.

त्या मुलाचा कागद मी मागाहून लिहिला.