फुकटचे पाहुणे

माझ्या घरी एकदा वीस-पंचवीस पाहुणे आले होते आणि त्यांतल्या एकालाही मी चहा विचारला नाही.

त्याचं झालं असं. कॅनडातल्या नातवासाठी, ईशानसाठी, मी गोष्टी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतो. एकदा तो फोनवर म्हणाला, "आजोबा, राजाचं लग्न आहे ना? मग एवढं शांत का? कोणीच आलं नाही?" आता मुलुंडच्या या दोन खोल्यांत, माझी बायको सुमन गेल्यापासून, गजबज आणायची कुठून? घरात सगळ्यात जास्त बोलतो तो फ्रिज!

गोष्टीच्या मागे सिनेमातलं गाणं लावलं, तर हक्क दुसऱ्याचे म्हणून वेबसाइटने अख्खी गोष्टच मुकी केली. कांदिवलीला राहणाऱ्या माझ्या लेकीने, मेघाने, झापलं. "बाबा, असं कोणाचंही उचलायचं नसतं रे! फ्री लायसन्सचे आवाज मिळतात, ते शोध. पण अटी वाच हं, कुठेकुठे बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं."

मी चष्मा पुसून अटी वाचल्या. वारा, बेडूक, रेल्वेचे भोंगे, सगळं मुबलक. माणसं मात्र सापडेनात! शेवटी मिळाली: 'घरगुती समारंभ, हसणारी मंडळी'. पैसे नाहीत, नाव द्यायला नको, काही अट नाही. (असे नातेवाईक असतात कुठे!)

पारखायला स्पीकरवर लावलं, आवाज पूर्ण सोडून. (कमी मला ऐकू येतं, शेजाऱ्यांना नाही.) भाषा कळेना, पण हसणं अगदी घरचं. भांडी वाजत होती, एक बाई सारखी कोणाला तरी हाक मारत होती. नंतर बंद करायचं विसरलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. विसरलो वगैरे काही नव्हतो. पिठलं-भात त्यांच्याबरोबरच जेवलो, मधे एकदा "हो ना!" असंही म्हणालो. फार बरं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या सावंत वहिनी, हातात पातेलं.

"काय ओ भावोजी, झील इलो काय कॅनडाहून? सांगूक नाय तां! सगळ्यांका सोलकढी हाडलंय."

मी दाराच्या फटीत, आणि मागे पंचवीस माणसं खदखदतायत! 'रेकॉर्डिंग आहे' एवढं म्हणायचं होतं. पण म्हातारा फुकटचं हसू लावून जेवतोय, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, "हो... मुलगा आलाय, सगळे आलेत."

वाट लागली! वहिनींनी कौतुकाने मेघाला फोन केला आणि मेघाने मला.

"दादा आला आणि मला सांगितलं नाहीस? मी कोण आहे रे तुझी?"

"अगं, ऐक तर..."

"ऐकतेय ना! सगळे हसतायत मागे! यार बाबा, निदान तू तरी सांगायचंस!"

फोन आपटला. कांदिवलीहून थेट रिक्षा करून ती आली, डोळे लाल. बाहेरच्या खोलीत कोणी नाही. आतल्या खोलीत कोणी नाही. तिने बाथरूमचं दारही उघडून पाहिलं. खुर्चीवरचा स्पीकर तेवढा हसत होता.

"दादा कुठाय?"

"कॅनडात."

"आणि ही माणसं?"

"फ्री आहेत गं. एकदम कायदेशीर! अटी वाचल्यात मी."

ती पोट धरून हसली. मग हसता हसता रडायलाच लागली. "रोज लावतोस का रे हे?"

"रोज नाही," मी म्हणालो. दारात उभ्या सावंत वहिनी पदराने डोळे टिपत होत्या, म्हणजे बातमी सोसायटीभर जाणार हे नक्की झालं.

तेव्हापासून मेघा रविवारी मुलांना घेऊन येते. परवा पोरांनी आंबोळ्यांवरून असा दंगा घातला, मेघा अशी हसली, की किती वर्षांनी घर भरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनी ओरडल्या, "भावोजी, पुरे झाला! ता मशीन बंद करा!"

मी धावत गॅलरीत गेलो आणि ओरडलो, "वहिनी, खरी आहेत हो!"

कोणाचा विश्वास बसेना. शेवटी लेकीला आणि नातवंडांना एकेक करून गॅलरीत उभं करून दाखवावं लागलं!