नंबर दिलेला बेड

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत झाशीतले बेड कुठे भरले, कुठे रिकामे झाले, याचा माग ज्या कंट्रोल रूममधून ठेवला जायचा, तिथे मी बसत होते. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. एरवी मी सरकारी कचेरीतली साधी कारकून, इलाइट चौराह्यातून स्कूटी काढताना लोकांवर डाफरणारी. पण त्या दिवसांत आम्ही काम चोख केलं, आणि त्याचं कौतुक दुसरं कोणी करील म्हणून वाट पाहत बसायचा माझा स्वभाव नाही.

सुरुवातीला मात्र सावळागोंधळ होता. इस्पितळं आपापले रिकामे बेड संगणकावर भरायची आणि आम्ही पडद्यावर पाहून रुग्ण पाठवायचो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बेड दिसायचा, त्याला ऑक्सिजन नसायचा. असलाच तर दोन टेबलांवरून दोघींनी त्याच बेडवर रुग्ण धाडलेले असायचे. मग गेटवर दोन ॲम्ब्युलन्स आणि आत एकच खाट. अशीच एक भांडाभांडी फोनवर ऐकून मी घरी आले आणि जेवता जेवता बाबांपुढे सगळा राग ओकले.

बाबा रेल्वेतले निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांनी आधी भात संपवला.

"पुढचं स्टेशन लाइन क्लिअर देईपर्यंत आम्ही गाडी सोडत नव्हतो," ते म्हणाले. "नुसतं हो म्हणून भागायचं नाही. पलीकडचा मास्तर एक नंबर द्यायचा. तो लिहून घ्यायचा, परत म्हणून दाखवायचा. एकदा नंबर दिला की लाइन त्याच गाडीची. मग दुसरी कितीही शिट्ट्या मारो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तेच सुरू केलं. वॉर्डातल्या सिस्टरला फोन करायचा, तिने खाटेजवळ जाऊन ऑक्सिजन पाहायचा आणि मग नंबर द्यायचा. त्याशिवाय ॲम्ब्युलन्स हलायची नाही. रुग्ण आडवा होऊन मास्क लागला की सिस्टरने उलट फोन करायचा. आमचे साहेब हसले, "आप तो अस्पताल में रेल चला रही हैं!" गेटवरची भांडणं थांबल्यावर तेच साहेब ही पद्धत इतरांना समजावून सांगू लागले.

मग ती दुपार आली. मऊरानीपूरकडून अंगणवाडीतली एक बाई ॲम्ब्युलन्सने निघाली होती आणि तिच्यासाठी मी मोठ्या सरकारी इस्पितळातल्या बेडचा नंबर घेतला होता. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"अगं, आपले रेल्वेतले गार्ड मोठ्या सरकारी इस्पितळाच्या गेटवर आहेत. मुलाने गाडीत घालून आणलंय, फार धाप लागलीय. आत एक बेड रिकामा आहे, पण नंबर दिलाय म्हणून घेत नाहीत म्हणे."

गार्डकाकांनी बाबांच्या बरोबरीने अख्खी नोकरी काढली. माझ्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभं राहून पाहुण्यांना पाणी देणारे तेच.

"बाबा, त्या बेडचा नंबर मऊरानीपूरच्या एका बाईला दिलाय."

"ठाऊक आहे. पण ती अजून वाटेत असेल ना? हा दारात आहे. याला आत घे, तिचं मग बघ."

ज्यांनी नियम शिकवला तेच हे सांगत होते. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

"तिच्या सिलिंडरमध्ये जेमतेम तिथवर पुरेल एवढाच ऑक्सिजन आहे, बाबा. ती आली आणि खाट भरलेली असली, तर तिला कुठे नेऊ?"

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी फोनवर फोन लावले. गोड बोलले, भांडले, दोन्हीची हद्द केली. शेवटी लष्करी छावणीच्या बाजूच्या एका छोट्या इस्पितळातली सिस्टर म्हणाली, "दीदी, एक मरीज की अभी छुट्टी हुई है, चादर बदल रहे हैं."

"ऑक्सिजन देखकर नंबर दो बहन, मैं फ़ोन पकड़े हूँ."

तिने पाहून नंबर दिला. मी काकांच्या मुलाला गाडी तिकडे वळवायला सांगितली. आधी काकांना मास्क लागल्याचा फोन आला, मग त्या बाईला लागल्याचा. मी टेबलावर डोकं टेकून रडले आणि पुढचा फोन उचलला. पुढे दोघंही बरी होऊन घरी गेली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा अंगणात माझ्यापासून लांब खुर्ची टाकून बसले होते. माझ्या अंघोळीचं पाणी त्यांनी काढून ठेवलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाबांनी कधी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. बोर्डाच्या निकालालाही "ठीक आहे" एवढंच म्हणाले होते.

"एकदा दिलेली लाइन आज मी तुला काढून घ्यायला सांगितली," ते म्हणाले. "माझ्या स्टेशनवर कोणी असं सांगितलं असतं, तर मी त्याची वर तक्रार केली असती."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुझ्या हाताखाली मी खुशीने नोकरी केली असती, पोरी."