गणिताच्या मास्तरांची गुंजन

सदाशिवराव भोयरांच्या शिकवणीतलं पोर गणितात नापास होत नाही, अशी सेलूत ख्याती होती. जे होण्यासारखं असे, त्याला सर दिवाळीआधीच घरी पाठवत. अठ्ठ्याण्णव साली त्यांची स्वतःची मुलगी गुंजन पाचवीत गेली. तिला घरी पाठवायची सोय नव्हती. ती घरातच होती.

गोष्टीचं पुस्तक गुंजन एका बैठकीत संपवी. पण सात मोठे की पाच, हे सांगताना थबके. संध्याकाळी आलेला पाढा सकाळी गेलेला असे. सरांनी आधी समजावलं, मग पट्टी काढली. बदाम झाले, ब्राह्मी झाली.

"मुद्दाम करून राह्यली हे," सर म्हणत. "आमच्या घराण्यात असं कोणीच नाई."

त्यांच्या पत्नी शोभाबाई पोळ्या लाटत ऐकून घेत.

शेवटी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंनी गुंजनला तपासलं. मुलगी हुशार आहे, आळशी मुळीच नाही. आकड्यांचा अंदाजच तिला येत नाही, ह्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. वस्तू हातात देऊन शिकवा, वेळ द्या, मारू नका. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

"नाई," सर म्हणाले.

"मले होते," शोभाबाई म्हणाल्या. "घड्याळ समजत नाई. किती वाजले ते शेजारच्या कोकिळाले विचारून घेते."

सर त्यांच्याकडे वळले. "इतक्या वर्षांत मले सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू जी? तुमच्या हातात पट्टी राहे."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर चिंचोके मांडून ते शिकवायला बसले. विद्यार्थिनी दोन. पाच चिंचोक्यांत दोन मिसळले की सात होतात, हे गुंजनला रोज नव्यानं मोजावं लागे. सरांनी तोंड उघडायच्या आत शोभाबाई म्हणत, "घाई नाई."

हळूहळू शिकवणीतलीही पट्टी गेली. कच्च्या मुलांना घरी पाठवणं थांबलं, तसे पालक कुरकुरू लागले. कापसाचे व्यापारी ओमप्रकाशजी आपल्या अंकुशला काढून घेताना खेदानं म्हणाले, "सर, तुम्ही पैलेसारखे मारत नाई. पोराचं नुकसान होऊन राह्यलं." बसस्टँडजवळ नवी शिकवणी निघाली होती. तिथं मारत.

दहावीला बोर्डाच्या सवलतीतून गुंजनला नेहमीच्या गणिताऐवजी सोपं अंकगणित घेता आलं. गणिताच्या मास्तरच्या मुलीला गणितातूनच सूट, ह्यावर गाव बरंच हसलं. सरांनाही लाज वाटली. पण सवलतीसाठी नागपूरच्या खेपा त्यांनीच घातल्या.

गुंजन पास झाली, वर्ध्याला मराठी घेऊन बी.ए. झाली आणि सिंदीच्या एका बालवाडीत लागली. ती मुलांना गोष्टी सांगते, हजेरीची बेरीज सोबतची जया करते. बालवाडीत ह्याचं कोणाला काही वाटत नाही.