रांगोळी घातलेला पाय

सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडे सुनेसाठी कायदा होता. दोन वर्षं मी तो मुकाट्याने पाळला. तिसऱ्या वर्षी मला पळवाट सापडली.

पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांत लग्न होऊन मी प्रकाशा नावाच्या तीर्थाजवळच्या खेड्यात आले. घरात विडी ओढणारे तिघं: सासरे, माझे मालक आणि धाकटे दीर. सासरे पंच्याहत्तरीचे. चहाच्या आधी विडी, चहानंतर विडी, आणि मधे चहा थंड झाला म्हणून आणखी एक. छाती मात्र अशी खणखणीत, की त्यांनी बांधावरून हाक मारली की दुसऱ्याच्या शेतातला सालदारही कामाला लागायचा.

त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ज्याचा पाय, त्याची छाती. त्यांचा तळवा सपाट, जमिनीला सगळा टेकणारा. तसा पाय ज्याला मिळाला त्याला त्यांची छातीही मिळाली, आणि त्याने खुशाल ओढावं! "आमना खानदानले बिडी काय करस?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. घरात मूल जन्मलं की आधी त्याचा तळवा बघत. तान्ह्या पोरांचे तळवे सगळेच सपाट असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक नातवंड 'आपल्यावर' गेलेलं निघे.

सासूबाईंचा भाऊ रनाळ्याचा. दिवसाला फार तर चार-पाच विड्या ओढणारा. तो आखाजीच्या सणाला बहिणीकडे आला आणि मी नुकत्याच सारवलेल्या ओट्यावरून सरळ चालत आत गेला. टाच आणि बोटं तेवढी उमटली, मधे काहीच नाही. ओटा पुन्हा सारवताना मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की तो पाय माझ्या कायमचा लक्षात राहिला.

दिवाळीआधी मालकांचे हे मामा गेले. डॉक्टरांनी फुप्फुसात गाठ सांगितली होती. दुखवट्याहून परतताना सासरे गाडीतच म्हणाले, "त्या घरनी छातीच कच्ची शे." माझ्या मालकांनी मान डोलावली आणि विडी पेटवली. माझी नजर मालकांच्या पायांवर गेली. कारण न्हाणीतून बाहेर येताना उमटणारे त्यांचे ओले ठसे मी रोज बघत होते. टाच आणि बोटं. मधे काहीच नाही.

बोलायची तर बंदी. मग मी शेणाचा गोळा घेतला.

तिघं शेतातून यायच्या वेळी ओटा सारवला आणि आत जाऊन दाराआडून बघत बसले. तिघांनी हात-पाय धुतले, तिघं ओट्यावरून आत आले. ठसे वाळल्यावर मी मालकांच्या पावलाभोवती रांगोळीची रेघ ओढली आणि साळसूदपणे भाकरी थापायला बसले.

सासूबाई बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. "हाऊ ते मन्हा भाऊना पाय शे!" म्हणत त्यांनी जो हंबरडा फोडला, तो अर्ध्या गल्लीने ऐकला. सासऱ्यांना स्वतःचंच शास्त्र नाकारता येईना. मालकांनी त्या दिवशी विडी सोडली ती सोडलीच. दीर मात्र आपला सपाट ठसा बघून मांडीवर थाप मारून ओरडले, "मन्हा पाय बापना शे!" आणि भावाचं बंडलही त्यांनी खिशात घातलं. पदराआड हसून हसून माझं पोट दुखलं. पुढे कितीतरी वर्षं मीच त्यांना चिडवायचे, "भाऊजी, ओढा, तुमचा पाय बापाचा आहे!"

साठ सालानंतरचं दशक संपत आलं तेव्हा दिरांना खोकल्यातून रक्त पडलं. मुंबईला नेलं, तर त्यांच्याही फुप्फुसात गाठ निघाली. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना पायाची गोष्ट ऐटीत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "रक्तातून येतं, हे खोटं नाही. काहींना धूर जास्त बाधतो, काहींना कमी. पण एकाच बापाच्या दोन मुलांत कुणाच्या वाट्याला काय आलं, हे तळव्यावर लिहिलेलं नसतं."

आता मी ऐंशी ओलांडली आहे. माणसाच्या पेशीत आईचा आणि बापाचा वाटा कसा मिसळतो, हे नातीच्या पुस्तकात चित्रासकट बघितलं आहे. त्या चित्रात पाय कुठेच नाही.

मुंबईहून दिरांना घरी आणलं तेव्हा सासऱ्यांनी विडी टाकली. नव्वदीला आले होते, आणि एकदाही खोकले नव्हते. एका सकाळी मी ओटा सारवत होते. दीर भिंतीला धरून बाहेर आले आणि मुद्दाम ओल्या शेणावर पाय ठेवला. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण ठसा पूर्ण, सपाट, बापाचा.  मग दीर माझ्याकडे बघून, जुन्या थट्टेच्याच सुरात म्हणाले,

"वहिनी, मन्हा पायले बी काढानी व्हती ना रांगोळी."