केसरीनाथांचं तीन नंबरचं विमान

लोक विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात? मी सांगते, विमान बांधतात. मग हसतात मेले. हसू देत. भिवंडीजवळ कोनला आमच्या गोदामात या, चहा घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

केसरीनाथ मूळचे लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे फिटर. लूम विकल्या, जागेवर गोदामं उठली, भाडं येऊ लागलं आणि घरात बसून माणूस चिडचिडा झाला. त्यातच कुणीतरी हलक्या विमानाचे नकाशे दाखवले. झालं! गोदामाचा एक गाळा ह्यांनी भाड्याला न देता अडवून ठेवला. मी भांड भांड भांडले, उपयोग शून्य.

एक नंबरचं विमान एकाच माणसाचं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, शेपटीखाली छोटं चाक, पंखांवर पॉलिस्टरचं कापड. कापड भिवंडीचंच हवं, हा हट्ट. लूमवरून उतरलेला तागा आणला आणि तसाच चिकटवला. आख्खं आयुष्य लूमवर गेलं, तरी सुताला खळ असते हे विसरले! खळीवर गोंद धरेना, सगळं कापड सुटून हातात आलं. मग मी ते गरम पाण्यात धुतलं, गच्चीवर वाळवलं आणि पंखांवर बसवल्यावर इस्त्री फिरवून ताठ केलं. अर्धे पंख माझे आहेत, हे मी कुणालाही ऐकवते.

विमान उभं राहिलं. एकटा माणूस वर जाणार, काही झालं तर? मी सरळ शपथ घातली. "माझी शपथ हाय, एकट्यानं वर जायाचं न्हाय." घातलेली शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणून सोडवायची असते. आणि मी काही सोडवणार नव्हते.

दुसरा कुणी असता तर तंडला असता. ह्यांनी दुसरं विमान काढलं. दोन नंबरात माझी सीट ह्यांच्या मागे. त्या वजनाने शेपटी जड झाली, म्हणून इंजिन पुढे सरकवलं, नाक लांबवलं. मी एकदा बसून बघितलं आणि उतरले. घरात ह्यांचं टक्कल बघतेच आहे, आकाशातही तेच बघू?

मग तीन नंबर. अंग रुंद, सीट शेजारी शेजारी, पुढचं चाक नाकाखाली, पंख लांब, इंजिनही मोठं. मधल्या काळात हे घाटावर जाऊन विमान चालवायला शिकले. परवानगीही आली.

घाटावरच्या धावपट्टीवर विमान ट्रकने नेलं, पंख जोडले. मी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून तयार. तेवढ्यात तिथले प्रशिक्षक म्हणाले की पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं, तसा नियमच आहे.

ह्यांना तो ठाऊक होता! माझं डोकं सणकलं. मग मला बसवून बसवून मापं घेतली ती कशाला? हे मान खाली घालून उभे, पण आत काही बसेनात. मी नाही म्हटलं असतं तर विमान ट्रकवर घालून मुकाट्याने कोनला परत आणलं असतं. तेच मला बघवेना.

"तू नसलीस तरी तोल जात न्हाय," हे हळूच म्हणाले. "समदा हिशोब केलाय. विमानाला काय बी फरक पडत न्हाय."

बायकोला असं सांगतात का हो? मला इतका राग आला की रागातच म्हणून टाकलं, "सुटली. जा."

विमान धावलं, उठलं, झाडांच्या वर गेलं. मी देवाचं नावही घेऊ शकले नाही, नुसती ओढणी पिळत उभी राहिले. एक मोठी फेरी मारून ह्यांनी ते अलगद खाली टेकवलं. सगळे टाळ्या वाजवत धावले. हे मात्र उतरले ते हात चोळत माझ्याकडे आले.

"सारखं डावीकडं कलत व्हतं," म्हणाले. "तुझी बाजू हलकी पडली. हात भरून आला धरून धरून."

"मग हिशोब?" मी विचारलं.

"चुकला."

मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले.